बिचारा सर्व्हर!

रविवारची सकाळ. पुण्यातला एखादा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, चहाचा कप बाजूला ठेवून हँडसेटचं बटण दाबतो, कॉलसाइन सांगतो आणि थांबतो. उत्तर नाही. पुन्हा दाबतो, पुन्हा शांतता. हँडसेटला इंटरनेटशी जोडणारा टेबलावरचा काडेपेटीएवढा हॉटस्पॉट मात्र दिवा लुकलुकवत निवांत बसलेला. पाच मिनिटांत मित्रमंडळींच्या गटावर प्रश्न येतो, "सर्व्हर डाउन आहे का?" दोघेतिघे "इकडेही तसंच" म्हणतात आणि निकाल लागतो.

डिजिटल हौशी रेडिओत हा निकाल फार स्वस्त झाला आहे. आवाज हँडसेटमधून निघतो, हॉटस्पॉटच्या बोर्डावर येतो, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातून राउटरकडे, तिथून इंटरनेट कंपनीच्या जाळ्यात आणि मग कुठे रेडिओजाळ्याच्या मास्टर सर्व्हरच्या दारात. सर्व्हर ही या वाटेवरची जवळजवळ शेवटची पायरी. शोध मात्र सगळे तिथूनच सुरू करतात.

सगळ्यात जुना गैरसमज म्हणजे शांतता हाच बिघाड. डीएमआर या डिजिटल रेडिओ पद्धतीच्या ब्रँडमायस्टर जाळ्यात ४०४ हा भारताचा टॉकग्रुप, म्हणजे गप्पांचा सामाईक कट्टा; मोबाइल कंपन्या वापरतात तोच देशाचा संकेतांक. तिथे त्या वेळी कुणी बोलतच नसेल तर सर्व्हर काय करणार? खात्री करायची सोय जाळ्यातच आहे. ९९९० या क्रमांकावर प्रायव्हेट कॉल करायचा, दोन वाक्यं बोलायची, बटण सोडायचं. हा 'पॅरट'. आपलाच आवाज पोपटासारखा परत आला, की हँडसेटपासून सर्व्हरपर्यंतची वाट जाऊन-येऊन धडधाकट आहे. मग उरतात घरातल्याच गोष्टी. टॉकग्रुप कायमचा जोडलेला नसेल तर तो बटण दाबून एकदा जागा करावा लागतो आणि वापर थांबला की काही काळाने तो सुटतो. किंवा हॉटस्पॉटचा दिवा लागतो, पण हँडसेट मुका राहतो. अशा वेळी हँडसेटच्या रिसीव्ह यादीत तो टॉकग्रुप घातलेलाच नसण्याची शक्यता मोठी.

दुसरा गैरसमज जरा शिकल्या-सवरलेल्यांचा : 'पिंग केलं, उत्तर आलं नाही, म्हणजे सर्व्हर बंद.' पिंग आयसीएमपी या प्रोटोकॉलवर चालतं आणि ते कित्येक सर्व्हरचालक मुद्दाम बंद ठेवतात. हॉटस्पॉटशी बोलणारा सर्व्हर ऐकत असतो यूडीपीच्या ६२०३१ या पोर्टवर. पुढचं दार वाजवून कुणी उघडलं नाही म्हणून मागच्या दारी माणूस नाही, असं होत नाही. उलटही घडतं. संगणक जिवंत, पिंगला झकास उत्तर, पण त्यावरचा रेडिओचा प्रोग्राम बंद पडलेला.

मग खरं कळायचं कसं? नोंदवहीतून, म्हणजे लॉगमधून. हॉटस्पॉट आधी स्वतःचा आयडी, म्हणजे डीएमआरचा ओळख-क्रमांक, पाठवतो. सर्व्हर उत्तरादाखल एक आकडा देतो, दर वेळी वेगळा. हॉटस्पॉट त्या आकड्यात आपला पासवर्ड मिसळून त्याचा शा-२५६ ठसा परत पाठवतो, म्हणजे मूळ पासवर्ड तारेवरून जातच नाही. ठसा जुळला की हॉटस्पॉट आपली कुंडली देतो, म्हणजे कॉलसाइन, फ्रिक्वेन्सी आणि ठिकाण. त्यानंतर दोघांत ठरावीक अंतराने 'आहेस का?', 'आहे' एवढीच देवाणघेवाण चालू राहते.

आता लॉगमधल्या दोन तक्रारी वेगळ्या वाचायला हव्यात. 'टाइम्ड आउट' म्हणजे पलीकडून काहीच आलं नाही. इथे सर्व्हरवर संशय घ्यायला जागा आहे, पण आपल्या राउटरवर आणि जुन्या सर्व्हर-यादीवरही तेवढीच. सर्व्हरचा पत्ता बदलतो आणि पाय-स्टार हे आपलं सॉफ्टवेअर महिनोन्‌महिने अद्ययावत न केलेला हॉटस्पॉट जुन्याच पत्त्यावर पत्रं टाकत बसतो. 'लॉगिन फेल्ड' म्हणजे मात्र सर्व्हर जिवंत आहे, जागा आहे आणि त्याने तुम्हाला ओळखायला नकार दिला आहे. कारणं बहुधा साधी असतात : चुकलेला पासवर्ड, किंवा नुकताच मिळालेला आयडी अजून सर्व्हरच्या यादीत न पोचणं. पूर्वी सगळे एकच ठरलेला, जगजाहीर पासवर्ड वापरत; त्यामुळे कुणीही दुसऱ्याच्या आयडीने घुसू शके. ब्रँडमायस्टरने प्रत्येकाला आपापला पासवर्ड ठेवायला लावलं, तेव्हा जुन्या सेटिंगवरचे हॉटस्पॉट बाहेर पडले. दोष अर्थातच सर्व्हरच्या माथी!

हॉटस्पॉट सर्व्हरशी जोडतो, सुटतो, जोडतो, सुटतो, असं चाललं असेल तर घरात आणि गाडीत एकाच आयडीचे दोन हॉटस्पॉट चालू नाहीत ना, ते आधी पाहावं. दोघे एकमेकांना ढकलत राहतात. सातआकडी आयडीपुढे ०१, ०२ असे दोन आकडे जोडले की भांडण मिटतं.

आवाज तुटून यंत्रमानवासारखी किटकिट ऐकू येते, तिला हॅम मंडळी 'आर-टू-डी-टू' म्हणतात. त्यावर हमखास सल्ला मिळतो, 'जास्त स्पीडचा प्लॅन घे.' जरा हिशोब करू. डीएमआरचा आवाज दर ६० मिलिसेकंदांना एका पाकिटात भरून जातो. पाकीट पंचावन्न बाइटच्या आसपास. वरचे शीर्षलेख धरूनही सेकंदाला दीड किलोबाइट भरत नाही. म्हणजे शंभर एमबीपीएसच्या फायबरला हे काम हत्तीच्या पाठीवर मुंगीसारखं. अडचण वेगाची नसते, अनियमिततेची असते. यूडीपीत हरवलेलं पाकीट पुन्हा मागवलं जात नाही, आणि मोबाइल डेटावर पाकिटं कधी रखडत, कधी झुंडीने येतात.

आणि पुष्कळदा इंटरनेटचाही संबंध नसतो. हॉटस्पॉटच्या स्वस्त बोर्डावरचा, फ्रिक्वेन्सी ठरवणारा क्रिस्टल किंचित सरकलेला असतो. ४३४ मेगाहर्ट्झवर दहा लाखांत एक भाग सरकला तरी ४३४ हर्ट्झची तफावत पडते. हॉटस्पॉटच्या डॅशबोर्डवर बीईआर, म्हणजे चुकलेल्या बिटांचं प्रमाण, दिसतं. हँडसेट दोन मीटरवर असूनही ते एक टक्क्याच्या वर जात असेल तर हॉटस्पॉटचा ऑफसेट, म्हणजे फ्रिक्वेन्सीची दुरुस्ती, पन्नास-पन्नास हर्ट्झने हलवून बघावा. सर्व्हरला यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही.

आणखी एक हमखास सल्ला पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून येणाऱ्यासाठी राउटरमध्ये दार उघडून ठेवण्याचा. हा घोळ एकोलिंकमुळे आला. जोनाथन टेलर यांनी २००२ मध्ये आणलेल्या, हॅमना इंटरनेटवरून जोडणाऱ्या या प्रणालीत समोरच्याचा संगणक थेट तुमच्याकडे येतो, त्यासाठी यूडीपी ५१९८ आणि ५१९९ ही पोर्ट उघडी लागतात. पण भारतात मोबाइल डेटावर आणि अनेक घरगुती जोडण्यांवर एकच सार्वजनिक पत्ता शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूत असेल, तर आत कितीही पोर्ट उघडा, उपयोग नाही; एकोलिंकसाठी प्रॉक्सी, म्हणजे मधला मध्यस्थ सर्व्हर, वापरावी. डीएमआर हॉटस्पॉटला मात्र हे काही लागत नाही. तो स्वतः बाहेर जाऊन दार ठोठावतो आणि त्याच वाटेने उत्तर आत येतं.

कधीकधी सर्व्हर खरोखरच बंद असतो. तेव्हाही सगळं जाळं झोपत नाही. ब्रँडमायस्टरचे मास्टर सर्व्हर वेगवेगळ्या देशांत आहेत आणि एकमेकांना जोडलेले आहेत. शेजारचा मास्टर निवडला की ४०४ तिथेही ऐकू येतो.

हे सर्व्हर चालवणारे बहुतेक जण नोकरीधंदा सांभाळून, हौसेने हे काम करतात. त्यांना "चालत नाही" एवढंच लिहून पाठवू नका. आयडी, सर्व्हरचं नाव, पॅरटचा निकाल आणि लॉगमधल्या बिघाडाच्या चार ओळी द्या. लॉग चाळताना एवढं लक्षात ठेवा, की त्यातली वेळ यूटीसी असते : रात्री आठचा बिघाड १४:३० ला शोधायचा, आणि लॉगची रोजची नवी फाइल आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते.