होमरूल मागणारे काय मागत होते?

टिळकांची होमरूल लीग १९१६ साली बेळगावला स्थापन झाली. हे नाव आयर्लंडचं, हे आपण जाणतो. मूळ चळवळीविषयी मात्र बरेच गैरसमज आहेत.

त्यातला सर्वांत पक्का म्हणजे आयरिश होमरूलवाल्यांना ब्रिटनपासून फुटून निघायचं होतं. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचं १८८६ चं विधेयक पाहिलं की हे टिकत नाही. डब्लिनला विधिमंडळ मिळणार होतं. पण लष्कर, परराष्ट्र व्यवहार, नाणी, जकात लंडनकडेच राहणार होती. वर साम्राज्याच्या खर्चाचा पंधरावा हिस्साही आयर्लंडनेच भरायचा! एवढ्याशा मागणीलाही ग्लॅडस्टन यांच्याच लिबरल पक्षाचे ९३ खासदार आडवे आले आणि विधेयक ३० मतांनी पडलं. १८९३ मध्ये दुसरं विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झालं, तर लॉर्ड्सनी ते ४१९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळलं. पूर्ण स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचलणारे फेनियन वेगळे. दोघांना एकाच माळेत ओवणं हा विरोधकांचा प्रचार होता, तो आजही खरा मानला जातो याचं वाईट वाटतं.

ही चळवळ निव्वळ कॅथलिकांची होती, असंही म्हणतात. पाठीराखे बहुसंख्य कॅथलिक होते आणि अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांचा विरोध कडवा होता, हे खरंच. पण १८७० मध्ये चळवळीची पहिली संघटना काढणारे वकील आयझॅक बट प्रॉटेस्टंट होते. चळवळीचे पुढचे नेते चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेलही प्रॉटेस्टंट, शिवाय विकलो परगण्यातले जमीनदार. तरी कुळांसाठी लढणाऱ्या लँड लीगचे अध्यक्ष तेच.

आयरिश, स्कॉट, वेल्श हे सगळे केल्ट एकजुटीने लढले, हा समजही चुकीचा. स्कॉटलंडच्या स्काय बेटावर ब्रेझच्या कुळांनी १८८२ मध्ये ग्लासगोहून आलेल्या पोलिसांवर दगडफेक केली, त्यात बायका पुढे होत्या. भांडण डोंगरावरच्या चराईचं होतं, पार्लमेंटचं नव्हे. १८८६ च्या कुळकायद्याने अशा कुळांना जमिनीवरून हुसकावण्यापासून संरक्षण मिळालं.

वेल्समध्ये तर आपापसातच जुंपली. वेल्श लिबरल खासदार लॉइड जॉर्ज यांना ‘कम्री वीद’ या स्वराज्यवादी संघटनेत दक्षिण वेल्सचे लिबरल सामील करून घ्यायचे होते. जानेवारी १८९६ मध्ये न्यूपोर्टच्या सभेत ते साफ फसलं. कार्डिफ-न्यूपोर्टसारख्या बंदरांतल्या व्यापारी मंडळींना वेल्शभाषकांचं वर्चस्व नको होतं. लॉइड जॉर्ज यांना तिथे बोलूही दिलं नाही, आणि त्यानंतर संघटना विस्कटत गेली.