धारूरचा घाट चढली, तर बोला

तेलगावच्या चौकात उभं राहिलं की चार वाटा फुटतात. एक वडवणीवरून बीडला, एक सिरसाळ्यावरून परळीला, एक माजलगावला आणि चौथी धारूरला. पहिल्या तिन्ही वाटांवर कुठलीही जुनी गाडी गुणाची वाटते. टॉप गिअर पडला की इंजिन गुपचूप चालतं, आणि गाणी लावली की उरलीसुरली खडखडही ऐकू येत नाही. चौथ्या वाटेवर मात्र बालाघाटाचा डोंगर आडवा येतो. अरुंद रस्ता, आवळलेली वळणं, समोरून कारखान्याकडे उतरणारा उसाचा ट्रक. सेकंडहँड गाडी घ्यायची असेल तर पैशांचं बोलणं करण्याआधी तिला या चौथ्या वाटेला लावावं, असं माझं ठाम मत आहे. शहरात लोक पैसे देऊन गाडी यंत्रावर तपासून घेतात. आपल्याला डोंगराने ते यंत्र फुकट दिलंय.

हे मत पक्कं झालं ते भाच्यामुळे. अडीच लाखांपर्यंत पैसे, महिन्याला फार तर पाचशे किलोमीटर फिरणं, आणि अटी तीन: स्वस्त पाहिजे, एव्हरेज पाहिजे, आणि ‘मामा, चालवायला मजा बी आली पाहिजे’. दीड महिना मोबाईलवर गाड्या बघून त्याने एका २०१२च्या डिझेल स्विफ्टवर मन बसवलं होतं. एक लाख चाळीस हजार किलोमीटर झालेली. मालकाचं म्हणणं, ‘एक रुपयाचं काम नाही.’ सेकंडहँडच्या बाजारात या वाक्याइतकं महागडं वाक्य दुसरं नाही.

स्विफ्टला नावं ठेवायचं कारण नाही. २००५ साली ती आपल्याकडे आली तेव्हा छोटी गाडी चालवणं हा आनंद असू शकतो, हे पुष्कळांना पहिल्यांदा कळलं. तिचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं, मल्टिजेट. हेच इंजिन डिझायरमध्ये, हेच इंडिका व्हिस्टात, हेच पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या पुंटोत. लोक गमतीने त्याला ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणत, त्यामुळे त्याची नाडी ओळखणारा मिस्त्री अजूनही सापडतो. प्रश्न इंजिनाचा नाही, हिशेबाचा आहे.

पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरू. पेट्रोलची छोटी गाडी खऱ्या रस्त्यावर लिटरला १८ देते असं समजू, डिझेल स्विफ्ट २०. कंपनीचा आकडा यापेक्षा मोठा असतो, कारण तो पुण्याच्या एआरएआय संस्थेत रोलरवर, ठरलेल्या वेगाने गाडी चालवून काढलेला असतो. तिथे ना बैल आडवा येतो, ना गतिरोधक. तर पाचशे किलोमीटरला पेट्रोलचे साधारण २,९०० रुपये होतात आणि डिझेलचे २,३००. महिन्याला सहाशेची बचत, वर्षाला सात हजारांच्या आसपास. आता लाखाच्या पुढे गेलेल्या डिझेल गाडीचे चार इंजेक्टर, टर्बो, हाय प्रेशर पंप डोळ्यांसमोर आणा. यातलं एक जरी बसलं तरी काही वर्षांची बचत एका दुपारी संपते. डिझेल त्याने घ्यावं जो रोज शंभर किलोमीटर पळतो. मुकादमाने घ्यावं, दूधवाल्याने घ्यावं. पाचशे किलोमीटरवाल्याने डिझेलचं एव्हरेज फक्त ऐकावं.

खरं सांगायचं तर ही चूक मी स्वतः केली आहे. एव्हरेजच्या नादात डिझेल गाडी घेतली आणि ती आठवड्याचे पाच दिवस लिंबाखाली उभी राहिली. दर पावसाळ्यात बॅटरी, आणि एकदा उंदरांनी कुरतडलेली वायरिंग. त्या हिशेबात प्रत्येक किलोमीटर मला एसटीच्या तिकिटाच्या कितीतरी पट पडला.

मग मजा? माझा अनुभव असा की मजा इंजिनाच्या आकारात नसते, वजनाच्या आणि ताकदीच्या नात्यात असते. आल्टो ८०० मध्ये ७९६ सीसीचं इंजिन, ताकद ४८ पीएस. २०१० साली आलेल्या आल्टो के१० मध्ये ९९८ सीसी आणि ६८ पीएस, तीही जवळजवळ तेवढ्याच हलक्या अंगात. घाटात चार माणसं बसली की हा वीसचा फरक पायाला कळतो. ८०० ला पहिल्या गिअरवर आणावं लागतं तिथे के१० दुसऱ्यावर गुरगुरत निघून जाते. शिवाय के सिरीज इंजिनात टायमिंग चेन आहे, जुन्या ७९६ सीसीत बेल्ट. बेल्ट ठराविक किलोमीटरला बदलावाच लागतो, आणि आधीच्या मालकाने तो बदलला की नाही हे त्याच्या बोलण्यावरून नाही, बिलावरून ठरवायचं. वॅगन आरमध्येही २०१० पासून हेच ९९८ सीसीचं इंजिन आलं. उंच बसणी, म्हाताऱ्यांना चढाय-उतरायला सोपी, पण वळणावर तिच्यात गंमत कमी.

नॅनोबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. जानेवारी २००८ मध्ये जगाने तिला डोक्यावर घेतलं, २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ६२४ सीसी, दोन सिलिंडर, इंजिन मागच्या सीटखाली, आणि गल्लीत जागच्या जागी वळते. एकट्या माणसाला गावात फिरायला तिच्यासारखी मजेची आणि स्वस्त वस्तू नाही. घाटात मात्र चौघांना घेऊन नेऊ नका. पुंटोचंही तसंच. तिचं स्टिअरिंग हातात आलं की माणूस प्रेमात पडतो, आणि कंपनीने भारतातली विक्री गुंडाळल्यामुळे ती कवडीमोलाने मिळते. इंजिनाचं सामान स्विफ्टमुळे निघतं, पण दिवा फुटला, दरवाजा चेपला, की पार्टसाठी पुण्याला फोन लावत बसा. आपल्या भागात स्वस्त गाडी म्हणजे जिचा लोअर आर्म माजलगावच्या दुकानात आज संध्याकाळी मिळतो ती. म्हणून मन पुंटोकडे असलं तरी भाच्याला मी के१०कडे वळवलं.

के१० मिळाली ती २०१३ची, पेट्रोल, दुसऱ्या हातातली. सकाळी इंजिन गार असताना मालकाच्या दारात पोचलो आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. तो गरम लागला तर समजायचं, पहिल्या स्टार्टला काहीतरी दडवायचं आहे. मग खुशाल चहा घ्यावा, पुन्हा चहा घ्यावा, इंजिन निवेपर्यंत गप्पा माराव्यात. आमची गार होती. स्टार्ट करताना एकाने सायलेन्सरमागे उभं राहायचं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर कूलंटचं पाणी आत शिरतंय. ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला तर दुसरी गाडी बघावी.

घाट चढताना आधी मालकाला चालवू द्यावी आणि आपण मागे बसून कान लावावा. खड्ड्यातला खट् आवाज लिंक रॉड किंवा बॉल जॉइंटचा. वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर कट-कट-कट आलं तर ड्राइव्ह शाफ्ट. मग जागा बदलायची. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, तर क्लच प्लेट संपली. सपाटीवर हे कधीच कळत नाही, कारण तिथे क्लचवर जोरच येत नाही. आमच्या गाडीत नेमकं हेच निघालं. मालक म्हणाला, ‘चढ हाय ना दादा, चढावर कुठलीबी गाडी आवाज करती.’ आवाज करते, हे खरं. पण आवाजाबरोबर पुढेही सरकते.

एसी चालू ठेवून चढवावी आणि तापमानाचा काटा बघत राहावं. वर पोचल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही. बाजूला घेऊन, सुरू इंजिनावरच ऑइलचं झाकण अलगद सैल करायचं. भपकारे बाहेर यायला लागले तर पिस्टन रिंग झिजल्यात, इंजिन कामाला आलंय. आमच्या गाडीत झाकण शांत होतं.

उतारावर परीक्षेचा दुसरा पेपर असतो. दुसरा गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. अशा वेळी इंजिनात हवा कमी जाते आणि आत जोराची ओढ तयार होते. व्हॉल्व्हची सीलं सैल असतील तर त्या ओढीने ऑइल आत येतं. उतार संपल्यावर पाय दाबला की मागे निळा झोत निघतो. ब्रेकवर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकडी, गाडी एका बाजूला ओढली तर दोन्ही बाजूंचे कॅलिपर बघायचे. हे सगळं सकाळी लवकर आणि शक्यतो गळीत हंगाम सोडून. हंगामात तेलगावच्या सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याकडे ऊस येत असतो, आणि भरलेल्या उसाच्या गाडीमागे अडकलं की परीक्षा आपल्या संयमाचीच होते.

याच उसाचं एक देणं आता पेट्रोलच्या टाकीत आलंय. देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळलं जातं, त्यातलं बरंच उसातून येतं. नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातच म्हटलं होतं की जुन्या घडणीच्या, दहा टक्क्यांपर्यंत जुळवलेल्या गाड्यांचं एव्हरेज यामुळे सहा-सात टक्क्यांनी घटू शकतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीची टाकी आणि रबरी पाइप म्हणून नीट बघून घ्यावेत. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज आता बाजूला ठेवायला हवा.

सुरक्षिततेचं कडू सत्यही सांगून टाकतो. ग्लोबल एनकॅपने २०१४ मध्ये आपल्या लोकप्रिय छोट्या गाड्या धडकवून बघितल्या, तेव्हा आल्टो ८००, नॅनो, आय१० आणि स्विफ्ट या सगळ्यांना शून्य तारे मिळाले. एबीएस आणि चालकाची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली ती २०१९ मध्ये. ज्याला तीस-चाळीस हजार जास्त टाकणं जमेल, त्याने अलॉय व्हील आणि टचस्क्रीनवर न टाकता २०१९ नंतरच्या गाडीवर टाकावेत.

कागदांचं थोडक्यात. आपल्याकडे नोटरीवर गाडी घ्यायची आणि नाव तसंच ठेवायचं, ही जुनी खोड आहे. मुद्रांक शंभराचा असो की पाचशेचा, त्याने मालक बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. म्हणजे हे भय विकणाऱ्यालाही आहे, आणि हे त्याला समजावून सांगितलं की फॉर्म २९ आणि ३० वर सह्या पटापट होतात. बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की बोजा, विमा, कितवा मालक हे दिसतं, थकलेली चलनंही तपासता येतात. दिल्लीकडची दहा वर्षं झालेली डिझेल गाडी निम्म्या किमतीत दिसली तर एनओसी, महाराष्ट्राचा कर आणि नवा नंबर यांचा खर्च आधी मांडावा. गाडीला पंधरा वर्षं व्हायला किती राहिलीत, हेही मोजावं. २०२२ पासून पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० झाली, वर पर्यावरण कर वेगळा. आणि विमा घेताना लक्षात येईल की हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता त्यावरच्या गाडीपेक्षा बराच कमी असतो. ९९८ हा आकडा उगाच निवडलेला नाही.

घाटाखाली आल्यावर मालक थोडा वेळ गप्प होता. क्लच सेटचं सामान आणि मजुरी त्याच्याच ओळखीच्या मिस्त्रीला फोन करून विचारली, स्पीकरवर. तो आकडा किमतीतून वजा झाला. टायर मात्र चारही चांगले होते. बाजूवर २३२१ लिहिलेलं, म्हणजे २०२१च्या तेविसाव्या आठवड्यातले. भाच्याने क्लच माजलगावला बसवला, ऑइल आणि कूलंट बदललं, नवी नंबरप्लेट मागवली. पुढच्या रविवारी तो पुन्हा धारूरला जाऊन आला, काही काम नसताना. आल्यावर आईने विचारलं, काय आणलंस. सीताफळं आणली होती, अर्धी वाटेतच खाल्लेली.