सान हुआनचे किल्ले आणि मालवणचं पाणी

डिसेंबर उजाडला की पिस्कॅटवे-एडिसन भागातल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते, सुट्टीत जायचं कुठे? बाहेर बर्फ आणि मुलं घरात कंटाळलेली. अशा वेळी पोर्तो रिकोचं नाव हमखास निघतं. नेवार्कहून थेट विमानाने साधारण चार तासांत सान हुआन. बेट कॅरिबियनमधलं असलं तरी अमेरिकेच्याच अखत्यारीतलं, त्यामुळे एच-वन-बीवाल्यांना स्टॅम्पिंगची धास्ती नाही. कागदपत्रं मात्र जवळ ठेवावीत. परतताना विमानतळावर सामानाची कृषी तपासणी होते, तेव्हा तिथले आंबे तिथेच खाऊन यायचे!

बहुतेक मंडळी समुद्रकिनाऱ्यासाठी जातात. पण मराठी माणसाने तिथले किल्ले चुकवू नयेत. खाडीच्या तोंडावरचा 'एल मोरो' स्पॅनिश लोकांनी 1539 मध्ये बांधायला घेतला. 1595 मध्ये इंग्रजांच्या ड्रेकला तिथून हात हलवत परतावं लागलं. तीनच वर्षांनी अर्ल ऑफ कंबरलंड मात्र जमिनीच्या बाजूने आला आणि किल्ला घेतला. त्याच्या सैन्यात आमांश पसरला, म्हणून काही आठवड्यांत त्यालाही निघावं लागलं. स्पॅनिश धडा शिकले. जमिनीकडची बाजू राखायला 1634 पासून 'सान क्रिस्तोबाल' उभा राहू लागला. आज दोन्ही किल्ले नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत, एकाच तिकिटात पाहता येतात आणि 1983 पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

तटावरच्या गोल टेहळणी चौक्यांपाशी उभं राहिलं की सिंधुदुर्ग आठवतोच. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर 25 नोव्हेंबर 1664 रोजी शिवाजी महाराजांच्या काळात त्याची पायाभरणी झाली. म्हणजे सान क्रिस्तोबाल आणि सिंधुदुर्ग या दोन्हींची बांधकामं एकाच शतकात सुरू झाली. फरक पाण्याचा. सान क्रिस्तोबालमध्ये पावसाचं पाणी साठवायला पाच मोठ्या टाक्या बांधाव्या लागल्या. आपल्याकडे चारही बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे.

तोफा पाहताना माझ्या लेकीने विचारलं, "बाबा, यात आपण कोणाच्या बाजूने?" प्रश्न बरोबर होता. एल मोरो परक्या सत्तेने, दुसऱ्यांच्या भूमीवर, आपली संपत्ती राखायला बांधला. सिंधुदुर्ग इथल्या राजाने सिद्दी आणि फिरंग्यांना समुद्रावर आवर घालायला बांधला. दगड सारखेच दिसतात, हेतू वेगळा. तरी आज एल मोरोपुढच्या हिरव्या पटांगणावर तिथली कुटुंबं पतंग उडवतात, किल्ला आपला मानतात. मुलांना हे दोन्ही सांगायला हवं.

किल्ला पाहून झाला की पाण्यात उतरा. सान क्रिस्तोबालपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर एस्काम्ब्रॉनचा किनारा आहे. तिथे खडकांच्या आडोशाला रंगीत मासे काठाजवळच दिसतात. हिवाळ्यात उत्तर किनाऱ्यावर मोठ्या लाटा येतात, म्हणून लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल टाकू नका. पोहता येत नसेल तर 'बघू जरा' म्हणून खोलात जाऊ नका. दहा वर्षांवरच्या मुलांना प्रशिक्षकाबरोबर स्कूबा करता येतं. एक नियम पक्का लक्षात ठेवा : स्कूबानंतर किमान 18 तास विमान नको. त्यामुळे शेवटचा दिवस पाण्याचा नव्हे, किल्ल्यांचा ठेवा.

हे सगळं मालवणातही आहे. किल्ला पाहून त्याच दिवशी तारकर्लीला स्कूबा करता येतं. जुलै 2025 मध्ये सिंधुदुर्ग इतर अकरा किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा इथल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांवर केवढा आनंद झाला! पण त्या गटांतल्या किती मुलांनी तो पाहिलाय? आपण मायदेशी जातो जून ते ऑगस्टमध्ये, शाळेच्या सुट्टीत. नेमका तेव्हा समुद्र खवळलेला, होड्या बंद. चार-चार वेळा भारतात जाऊन आलेली मुलं सिंधुदुर्गाविना राहतात, ती आळसामुळे नव्हे, कॅलेंडरमुळे.

डिसेंबरची तिकिटं महाग, सुट्टी जेमतेम दहा दिवसांची, हे मान्य. पण आजी-आजोबांचे गुडघे होडीत चढण्याइतके किती वर्षं साथ देतील, हाही हिशेब आहेच. एक वर्ष सान हुआन करा, जरूर करा. पुढच्या डिसेंबरला मात्र त्यांना घेऊन मालवण. तिथे माशांना पाव टाकू नका, प्रवाळावर पाय देऊ नका आणि मुलांच्या हाताने साखरबावेचं पाणी काढू द्या.