आधी कोणाचं भागवायचं?

लेखमाला ‘हप्ता आणि घर’ : भाग ५

कर्जात रुतलेल्या घरात पैसे भरण्याचा क्रम फोन ठरवतो. मोबाइल ॲपवरून घेतलेल्या आठ-दहा हजारांसाठी दिवसभर फोन वाजत राहतो, म्हणून पगार झाला की आधी त्याचं तोंड बंद केलं जातं. गृहकर्ज देणारी बँक पहिल्या महिन्यात नुसता मेसेज पाठवते, म्हणून तिचा हप्ता मागे पडतो. धोका मात्र नेमका उलट बाजूला असतो. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघते आणि तीही मुदत टळली तर बँक दिवाणी दावा न लावता घराचा ताबा घेण्याच्या कारवाईला लागू शकते. दिवसभर फोन करणाऱ्या ॲपवाल्याकडे बहुतेक वेळा तारण काहीच नसतं.

हा क्रम बदलून देणं हे कर्ज-समुपदेशकाचं पहिलं काम.

महाराष्ट्राला अशा मध्यस्थाची कल्पना नवी नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खतं जाळली आणि ते लोण आसपासच्या गावांत पसरलं. त्यानंतर १८७९ मध्ये आलेल्या दख्खनच्या शेतकरी कायद्यात सावकार आणि कुळ यांच्यात तडजोड घडवणारे लोक नेमण्याची तरतूद होती. अलीकडच्या काळात बँक ऑफ इंडियाने २००६ मध्ये मुंबईत ‘अभय’ हे समुपदेशन केंद्र काढलं. २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने सगळ्याच बँकांसाठी अशा केंद्रांची योजना आखून दिली. सल्ला मोफत असावा आणि केंद्राने आपल्याच बँकेपासून चार हात लांब राहावं, हा तिचा गाभा होता. २०१२ नंतर या केंद्रांचा भर आर्थिक साक्षरतेच्या शिबिरांकडे वळला, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी एकेका घराचा हिशेब सोडवून मिळेलच असं नाही. तरी चौकशीची सुरुवात जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयातून करता येते.

समुपदेशकाकडे जाताना पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, कर्जमंजुरीची पत्रं, सोनेतारणाच्या पावत्या आणि क्रेडिट अहवाल सोबत हवेत. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा नियम आहे. पण या अहवालात भिशीची थकबाकी दिसत नाही, मेव्हण्याकडून घेतलेले हातउसने दिसत नाहीत आणि गल्लीतल्या सावकाराचं नाव तर नाहीच नाही. ते विचारूनच काढावं लागतं. म्हणून पहिल्या बैठकीला नवरा-बायको दोघांनी असावं. एकाने घेतलेलं कर्ज दुसऱ्याला पहिल्यांदा तिथेच कळतं, असंही घडतं.

मग आकडेमोड. क्रेडिट कार्डावर १ लाख रुपये थकले आहेत आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज लागतं, असं धरू. महिन्याचं व्याज ३,५०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ६३० रुपये. त्या महिन्यात ५,००० रुपये भरले, तर मुद्दल कमी झालं फक्त ८७० रुपयांनी. ‘दर महिन्याला पाच हजार भरतोय, तरी कर्ज तेवढंच कसं?’ या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं.

यादी तयार झाली की तिची उतरंड लागते. किराणा, वीज, मुलांची फी आणि औषधं आधी बाजूला. त्यानंतर घर आणि सोनं, कारण ती हातची जाऊ शकतात. मग पतसंस्था, कारण तिथे जामीनदार अडकलेला असतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघाला, तर कर्जदाराच्या चुकीपायी जामीनदाराच्या दारातही वसुली अधिकारी येतो. तारण नसलेली कर्जं, म्हणजे कार्ड आणि ॲप, त्यानंतर. त्यांतही ज्याचं व्याज जास्त ते आधी. खालच्या पायरीवरची कर्जं बुडवायची नसतात. त्यांच्यासाठी मुदतवाढ, हप्त्यांची फेररचना किंवा एकरकमी तडजोड लेखी मागायची असते. तडजोडीची किंमतही समुपदेशकाने आधीच सांगायला हवी. क्रेडिट अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचं कर्ज अवघड होतं.

दुसरं काम फोन आटोक्यात आणण्याचं. बँका आणि वित्तकंपन्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना किंवा मित्रांना त्रास द्यायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. नियम मोडला तर आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट दाद मागता येते.

गल्लीतल्या सावकाराचा रस्ता वेगळा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. दामदुपटीची जुनी मर्यादाच ही. तक्रार करायची ती सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे. कोर्टाची नोटीस आली असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठावं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

याच वाटेवर ‘कर्जमुक्ती’ विकणारेही उभे असतात. ‘हप्ते थांबवा, बँकेशी आम्ही बोलतो’ असं म्हणत ते आगाऊ फी घेतात. हप्ते थांबतात, दंड चढत जातो आणि नोटीस येते ती कर्जदाराच्याच नावावर. फी घेऊन ‘कर्जमाफीचं प्रमाणपत्र’ देणाऱ्यांविरुद्ध रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर इशारा दिला होता. अशा प्रमाणपत्राला काहीही आधार नाही. सल्लागार पारखायला तीन प्रश्न पुरेत : फी किती आणि ती कधी, बँकेशी झालेला सगळा पत्रव्यवहार आपल्याला मिळेल का, आणि भरणा थेट कर्जखात्यात होईल का? तिसऱ्या प्रश्नावर गोलमाल उत्तर आलं तर तिथून उठावं.

काही घरांत सगळे खर्च कापूनही हिशेब जुळत नाही. अशांसाठी दिवाळखोरीचा कायदा आहे, पण तो अजून जुनाच. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींबाबतचा भाग आतापर्यंत कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच लागू झाला आहे. सामान्य पगारदाराला मुंबईत १९०९ च्या आणि राज्यात इतरत्र १९२० च्या कायद्याखाली अर्ज करावा लागतो. ते काम वकिलाशिवाय होत नाही.

पुढच्या भागात : जामीनदार. सही करण्याआधी काय वाचायचं आणि १०१ चा दाखला हातात पडल्यावर कुठे जायचं.