सुतळीच्या गुंड्याचे गाव

अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या उत्तर भागात, २४ क्रमांकाच्या महामार्गावर कॉकर सिटी हे गाव आहे. नावात ‘सिटी’ असली तरी २०२० च्या जनगणनेत येथील लोकसंख्या जेमतेम साडेचारशेच्या आसपास भरली. तरीही वाट वाकडी करून लोक इथे येतात, ते रस्त्याकडेच्या मांडवात ठेवलेला सुतळीचा अजस्र गुंडा पाहायला.

या गुंड्याचे मूळ गवताच्या गठ्ठ्यांत आहे. जनावरांसाठी कापून वाळवलेले गवत यंत्राने दाबून त्याचे गठ्ठे बांधले जात. त्यासाठी वापरली जाणारी दोरी सिसलची असे. सिसल म्हणजे आपल्याकडे बांधांवर दिसणाऱ्या घायपाताच्या कुळातील वनस्पतीच्या पानांतून काढलेला वाख. गठ्ठा सोडला की दोरीचे तुकडे गोठ्यात पडून राहत. गुरांनी ते गिळले तर पोटात गुंता होण्याची भीती, आणि टाकून द्यावे तर काटकसरीने जगलेल्या शेतकऱ्याचे मन होत नसे.

फ्रँक स्टोबर हा असाच एक शेतकरी. १९५३ मध्ये त्याने हे तुकडे एकमेकांना गाठी मारून गुंडाळायला सुरुवात केली. चार वर्षांत गुंडा ८ फूट उंच झाला आणि त्याचे वजन ५,००० पौंडांवर, म्हणजे सव्वादोन टनांच्या पुढे गेले. १९६१ मध्ये स्टोबरने तो गावाला देऊन टाकला. १९७४ मध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा गुंड्याचा व्यास ११ फूट होता आणि त्यात सुमारे १६ लाख फूट सुतळी होती.

त्याच काळात मिनेसोटा राज्यातील डार्विन या गावी फ्रान्सिस जॉन्सन हा दुसरा शेतकरी १९५० पासून आपला गुंडा वाढवत होता. भार वाढला तसा तो उचलून फिरवण्यासाठी त्याला रेल्वेचे जॅक लावावे लागले. २९ वर्षांनी तो थांबला, तेव्हा व्यास १२ फूट आणि वजन १७,४०० पौंड झाले होते. आज हा गुंडा काचेच्या बंदिस्त खोलीत आहे आणि डार्विनमध्ये दर ऑगस्टमध्ये त्याच्या नावाने उत्सव भरतो. दोन्ही गावे ‘जगातील सर्वांत मोठा’ असा दावा करतात आणि आपापल्या परीने दोन्ही खरी ठरतात. एकट्या माणसाने गुंडाळलेला मोठा गुंडा डार्विनचा, तर अनेकांच्या हातांनी वाढलेला कॉकर सिटीचा.

हा फरक घडवला तो कॉकर सिटीच्या उत्सवाने. स्टोबरनंतर गुंडा जसाच्या तसा जपण्याऐवजी गावाने तो वाढवत ठेवायचे ठरवले आणि दर ऑगस्टमध्ये ‘ट्वाइन-अ-थॉन’ भरू लागला. ट्वाइन म्हणजे सुतळी. नाव मॅरेथॉनच्या धर्तीवर बेतलेले. गावच्या वार्षिक मेळाव्याला जोडूनच हा कार्यक्रम होतो. भर उन्हाळ्यात गावकरी आणि पाहुणे मांडवाखाली जमतात. आधीच्या सुतळीच्या टोकाला नव्या सुतळीची गाठ मारायची, ती ताणून धरायची आणि गुंड्याभोवती प्रदक्षिणा घालत गुंडाळत जायची, एवढाच विधी. ज्याची सुतळी संपते तो बाजूला होतो, पुढचा गाठ मारतो. उत्सवाला येणे जमले नाही तर इतर दिवशीही पाहुण्याला सुतळी जोडता येते. ती पुरवण्याचे काम गावातील राखणदार करतात.

जवळ गेल्यावर गुंडा चित्रात दिसतो तसा गोल नसल्याचे लक्षात येते. स्वतःच्याच वजनाने तो खाली दबून पसरला आहे. पृष्ठभागावर वाखाची कुसे उभी असतात, नव्या सुतळीचे पट्टे पिवळसर आणि जुने करडे दिसतात, आणि मांडवात सुक्या गवताच्या गंजीसारखा वास भरून असतो. २००६ मध्ये सुतळीची लांबी सुमारे ७८ लाख फूट, म्हणजे जवळजवळ २,४०० किलोमीटर भरली होती. मुंबईहून रेल्वेने दिल्ली गाठून परतीची बरीच वाट कापावी, एवढे हे अंतर. २०१३ मध्ये वजन २० हजार पौंडांच्या घरात, म्हणजे सुमारे ९ टन झाले होते.

पाहुणा गुंडा पाहून लगेच गाडीत बसू नये, याचीही सोय गावाने केली आहे. पदपथावर सुतळीसारखी एक लांबच लांब रेघ रंगवलेली आहे; ती धरून चालले की गावातून फेरफटका होतो. वाटेतल्या दुकानांच्या काचांमागे जगप्रसिद्ध चित्रांच्या नकला लावल्या आहेत आणि प्रत्येकीत कुठेतरी सुतळीचा गुंडा घुसवलेला आहे. लांब पल्ल्याची वाहतूक दक्षिणेकडच्या मोठ्या द्रुतगती मार्गाने जाते. अशा आडवाटेवरच्या गावाला माणसे थांबवण्यासाठी काही निमित्त लागतेच.

स्टोबरने १९५३ मध्ये मारलेल्या पहिल्या गाठी आता कोणाला दिसत नाहीत. त्यांच्यावर हजारो अनोळखी हातांचे थर चढले आहेत आणि सर्वांत वरचा थर दर ऑगस्टमध्ये बदलतो.