प्रोसिडिंग बुक : समाजाची लेखी साक्ष

विहाराच्या बांधकामाची बैठक असो की भीमजयंतीची, अध्यक्ष कोण यावर आपल्याकडे तासभर चर्चा होते. इतिवृत्त कोण लिहिणार, असे विचारले की मात्र सारे एकमेकांकडे पाहतात. शेवटी एखाद्या शिकलेल्या पोराच्या हाती वही देऊन विषय मिटवला जातो. आमच्या मते ही जबाबदारी अध्यक्षाइतकीच मोठी आहे.

परंपरा सांगते की, तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. महाकस्सपांनी उपालीला विनय आणि आनंदाला धम्म विचारला. कोणते वचन कोठे व कोणासंबंधी सांगितले गेले, हेही विचारले. नंतर पाचशे भिक्खूंच्या संघाने ते मान्य केले. एकाने सांगायचे आणि सर्वांनी तपासायचे, ही आपली जुनीच रीत आहे.

आपल्याच जिल्ह्यातील माणगावला २१ व २२ मार्च १९२० रोजी परिषद झाली. बाबासाहेब अध्यक्ष होते, राजर्षी शाहू महाराज हजर होते. महाराजांचा जन्मदिवस सणासारखा साजरा करावा, असा ठराव तेथे झाला. तो लिहिला गेला, म्हणूनच आज आपण ठामपणे सांगू शकतो.

संविधानाच्या मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या आल्या व त्यांपैकी २,४७३ मांडल्या गेल्या, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितले. त्याच भाषणात बी. एन. राव आणि मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांच्या श्रमांचे श्रेय त्यांनी मोकळेपणाने दिले. लिहिणाऱ्याचा मान कसा राखावा, हे आपण यातून शिकावे.

आता लिहावे कसे? प्रथम तारीख, वेळ, जागा, अध्यक्षांचे नाव आणि हजर सभासदांच्या सह्या. मग विषयवार चर्चेचा सारांश. ठराव शब्दशः लिहावा. खाली सूचक व अनुमोदक यांची नावे घालावीत. एकाचाही विरोध असेल तर ‘सर्वानुमते’ लिहू नये. त्याचे म्हणणे दोन ओळींत नोंदवावे. आपले मत मात्र इतिवृत्तात घुसवू नये.

‘मंडपाचे बघू’ ही नोंद नव्हे. कोण जाणार, किती रकमेपर्यंत बोलणार, कोणत्या तारखेला सांगणार, हे लिहावे. पानांना क्रमांक द्यावेत, कोरी जागा सोडू नये, खाडाखोड झाल्यास तेथे सही घ्यावी. बैठक उठण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवावेत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचाही त्या वहीवर तितकाच हक्क आहे.

मागे बसलेली एखादी मावशी म्हणते, “पायऱ्या उंच करू नका, म्हाताऱ्यांना चढवत नाही.” तिचे बोलणे वहीत येत नाही आणि पायऱ्या उंचच होतात. लिहिणाऱ्याचा कान शेवटच्या ओळीपर्यंत गेला पाहिजे.

संस्था नोंदणीकृत असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाला बदल अहवाल द्यावा लागतो. तेव्हा सभेची नोटीस, हजेरी आणि ठराव दाखवावे लागतात. उद्या विहाराच्या जागेवर वाद निघाला, तर जुनी माणसे साक्षीला असतीलच असे नाही. तेव्हा वहीच बोलेल.

आम्हा कुरुंदवाडकरांना आणखी एक काळजी. कृष्णा-पंचगंगेचा महापूर २००५, २०१९ आणि २०२१ साली आपण पाहिला आहे. पाणी चढू लागले की माणसे, जनावरे आणि धान्य आधी. कागद शेवटी आठवतो. म्हणून प्रत्येक ठरावाची प्रत उंचावरच्या घरी किंवा दुसऱ्या गावच्या सभासदाकडे ठेवावी. मोबाईलवर पानांचे फोटो काढून चार जणांना पाठवावेत.

प्रत्येक मंडळाने निदान दोघांना हे काम शिकवावे आणि त्यांत एक मुलगी असावीच. आपल्या पूर्वजांना लेखणी नाकारली गेली होती. ती आज हाती आहे, तर आपल्या समाजाचे निर्णय आपणच नीट लिहून ठेवू या.

जयभीम!