आदण उतरताना

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेलेला असतो, पहाटे पांघरूण अंगावर ओढून घ्यावंसं वाटायला लागतं, आणि कोल्हापुरात एखाद्या संध्याकाळी कुणीतरी सहज विचारतं, "गुऱ्हाळावर जाऊन यायचं का?" याला बेत आखावा लागत नाही. खोबऱ्याची एक वाटी, मूठभर शेंगदाणे आणि झाकणाचा रिकामा डबा एवढं घेतलं की निघायचं. पन्हाळ्याच्या किंवा गगनबावड्याच्या रस्त्याला लागायचं आणि उसाच्या फडांमागून धूर कुठं निघतोय ते बघत जायचं. पाटी नसली तरी अडत नाही. वाऱ्यावरचा वासच बरोबर वळणावर गाडी थांबवतो.

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस विचारायचा नाही, सरळ द्यायचा, अशी रीत आहे. "या पावनं, बसा" म्हणेपर्यंत जर्मनचा तांब्या हातात येतो. रसवंतीतल्यासारखं त्यात आलं नसतं, लिंबू नसतं आणि बर्फ तर नसतोच. नुसता रस, थंडीने आपसूक गार झालेला. दुसरा तांब्या नको म्हटलं तर लोक थोडे नाराज होतात. आता रस्त्याकडेच्या काही गुऱ्हाळांवर दराचे फलक लागलेत आणि सहली येतात. त्यात वाईट काही नाही. पण मला आवडतं ते फलक नसलेलं, शेताच्या कडेचं गुऱ्हाळ. तिथं आपल्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते आणि आपल्याला मात्र सगळं बघायला मिळतं.

बघायला सुरुवात घाण्यापासून करावी. बैलांचा चरक जाऊन कितीतरी वर्षं झाली. मग इंजिन आलं, आता बहुतेक ठिकाणी विजेची मोटर आहे. त्यामुळे वीज रात्रीची असेल तर कामही रात्रीचं. ऊस तोडून फार वेळ ठेवता येत नाही. शिळ्या उसातली साखर मोडायला लागते आणि गूळ धड बसत नाही. घाण्याच्या एका बाजूने ऊस आत जातो, दुसऱ्या बाजूने चिपाड बाहेर पडतं आणि बायका ते आवारात पसरून वाळवतात. वाळलेलं चिपाड हेच चुलवाणाचं जळण. रस ज्या उसाचा, जाळही त्याच उसाचा.

चुलवाण जमिनीच्या पोटात असतं. वर आठ-नऊ फूट व्यासाची काहील आणि मागच्या बाजूला खड्ड्यात बसून चिपाड सारणारा माणूस. त्याला जाळ दिसतो, काहील दिसत नाही. वर गूळ शिजवणाऱ्या गुळव्याला काहील दिसते, जाळ दिसत नाही. दोघांमधला सगळा व्यवहार हाका मारून चालतो. वरून "दमानं" असं आलं की खालचा हात थांबतो, "येऊ दे" आलं की पुन्हा चालू. काहिलीतला रस गुळावर यायला अडीच-तीन तास लागतात. एवढ्या वेळात हे दोघे एकमेकांचं तोंडही न बघता एकच काम करत असतात. अशा एका खेपेला म्हणायचं आदण. दिवसाकाठी तीन-चार आदणं निघतात.

रस तापू लागला की आधी वर येते ती मळी, हिरवट-काळी, साय धरल्यासारखी. इथे रानभेंडी कामाला येते. भेंडीची खोडं ठेचून पाण्यात चोळली की बुळबुळीत पाणी निघतं. ते रसात घातलं की बारीकसारीक घाण त्याला चिकटून वर येते आणि मोठ्या झाऱ्याने काढून टाकता येते. रसाचा आंबटपणा मोडायला बेताचा चुना. मळी नीट निघाली नाही तर पुढे कितीही कौशल्य दाखवा, गूळ काळपट आणि किरकिरा होतो. या टप्प्यात पाहुण्याला करमणूक कमी असते. शेकत बसावं, चुलवाणाच्या तोंडाशी विस्तवात रताळी सारून ठेवावीत, गप्पा माराव्यात.

खरी गंमत शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांची. उसळणारा पांढरट फेस बसतो. बुडबुडे मोठे, जड आणि पिवळे होतात, फुटताना फद्‍फद् आवाज करतात. फेस उतू जायला लागला तर वरून तेलाचे चार थेंब पडतात आणि सगळा उधाणलेला रस क्षणात खाली बसतो. गुळव्या आता बोलत नाही. लांब दांड्याने पाक उचलून धार कशी तुटते ते बघतो. मग एक थेंब पाण्याच्या वाटीत सोडतो आणि बोटांनी वळून बघतो. गोळी मऊ असेल तर अजून वेळ आहे. कडक झाली, वाटीवर आपटून टण्ण वाजली, की आलं.

कृषी विद्यापीठाची शिफारस सांगते की काकवी १०४ ते १०६ अंश सेल्सिअसला आणि गूळ ११८ अंशांच्या आसपास उतरवावा. मी एका गुळव्याला विचारलं, "मामा, थर्मामीटर नाही वापरत?"

"हाय की. खुंटीला हाय."

"मग?"

"त्याला उसाचं काय म्हाईत? नदीकाठचा ऊस निराळा, माळाचा निराळा. खताचा मारा केलेला असला तर किती बी आटव, गूळ मऊच."

शास्त्रही फार वेगळं सांगत नाही. नत्र जास्त झालेल्या आणि खारवट जमिनीतल्या उसाचा गूळ नीट बसत नाही, टिकत नाही. हंगामाच्या तोंडाशी ऊस पुरता पिकलेला नसतो. रात्री गार पडत गेल्या, हवा कोरडी झाली, की कांड्यांत साखर भरत जाते. म्हणून मार्गशीर्ष-पौषातला गूळ कार्तिकातल्यापेक्षा खुशखुशीत. आपल्या अंगावर शाल येते त्याच थंडीने गुळाला रवा येतो.

"उतरा!" म्हटलं की एकदम धावपळ. काहिलीच्या कड्यांत दांडे अडकवतात, साखळी ओढली जाते आणि धुराने काळी झालेली काहील कलंडून सोन्याच्या रंगाचा पाक वाफ्यात ओतते. याच क्षणाला पाहुण्यांनी पुढे व्हायचं, पण बेताने. पाक अंगावर पडला तर कातडी घेऊनच निघतो. पोरं लांब धरावीत. उसाच्या कांडक्यावर गरम पाक गुंडाळून फुंकत फुंकत खायचा. खोबऱ्याचा तुकडा त्यात बुडवून काढला की बाहेर कडक कवच आणि आत ओलं खोबरं. शेंगदाणे टाकले तर जागच्या जागी चिक्की. दाताला चिकटणारा हा मऊ, लांबणारा गूळ कुठल्याही दुकानात मिळत नाही, कारण त्याचं आयुष्य दहा मिनिटांचं. फावड्याने चार वेळा परतला, रवा धरला, की तो विकायचा गूळ झाला.

मग तो फडकं घातलेल्या बादल्यांमध्ये भरतात. थंड झाला की उलटा करून काढायचा. कोल्हापुरात या ढेपेलाही रवाच म्हणतात. पूर्वीपासूनचा मोठा रवा तीस किलोचा, आता गिऱ्हाईक लहान कुटुंबाचं म्हणून किलोचे, पाच किलोचे, दहा किलोचे. एक टन उसाला साधारण शंभर-सव्वाशे किलो गूळ पडतो. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती याच मालाच्या जोरावर. अजूनही पाडव्याला गुळाच्या सौद्याचा मुहूर्त होतो आणि मोठा माल गुजरातेत जातो. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नाव झालं, गुऱ्हाळं मात्र वाढली नाहीत. कारखाना ऊस तोडूनही नेतो आणि ठरलेला दरही देतो. गुऱ्हाळाला माणसं मिळत नाहीत, गुळव्याचा मुलगा गुळव्या होत नाही, आणि स्वस्त साखर विरघळवून केलेला 'गूळ' त्याच बाजारात शेजारी येऊन बसतो.

आणि रंगाचं काय सांगावं! गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो. नुसत्या भेंडीवर तो तसा होत नाही. झाला तर तांबूस, फार तर मधासारखा. मग हायड्रॉसची पावडर पडते आणि गूळ कसा उजळतो. महिनाभरात तो पुन्हा काळवंडतो, पण तोवर विकला गेलेला असतो. दोष गुऱ्हाळवाल्याच्या माथी मारणं सोपं आहे. एकाने तर मला दोन्ही रवे शेजारी ठेवून दाखवले आणि म्हणाला, "ह्यो चांगला म्हून मी सांगतो, आनि लोकं त्यो उचलत्यात." पिवळ्याच्या किमतीपुढे तांबूस गूळ पडून राहात असेल तर त्याने किती वेळा तत्त्व सांभाळायचं? गुऱ्हाळावर जाऊन आलेली माणसं मात्र निदान तांबूस गूळ बघून नाक मुरडत नाहीत, एवढं मी पाहिलंय.

डबा नेला असेल तर तो काकवीसाठी. भाकरीवर तूप आणि काकवी हा थंडीतला माझा सकाळचा खुराक. पण काकवी मागायची असते ती आदण चढतानाच. पाक काकवीच्या टप्प्यावर फार वेळ थांबत नाही, त्यामुळे गुळव्याला आधी सांगून ठेवलं नाही तर तो हात हलवून म्हणतो, "गेली की ती. आता गूळच घ्या, न्हाईतर पुढच्या आदणापातुर बसा." बहुतेक लोक बसतात. रताळी तोवर भाजलेली असतात.